विश्वासाने आणि अपेक्षेने प्रार्थना: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रविवारची उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत होते, घरात मात्र आजी-नातवंडं मराठीत बोलतात आणि मराठीतच प्रार्थना करतात. गृहसभा आटोपून चहा झाला की हळू आवाजात जे प्रश्न निघतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरांसोबत शास्त्रभाग दिले आहेत. ते स्वतः उघडून, मागचं-पुढचं वाचूनच उत्तर मान्य करावं.

विश्वासाने मागायचं म्हणजे "मिळणारच" असं मनाला पटवून घ्यायचं का?

नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते. आवाज चढवला, डोळे घट्ट मिटले आणि मनातली शंका दाबून टाकली की विश्वास वाढला, असा समज आहे. मग शंकेने पुन्हा डोकं वर काढलं की माणूस घाबरतो आणि "माझ्यामुळेच उत्तर अडलं" असं म्हणत बसतो. तो देवाकडे बघायचं सोडून स्वतःच्या मनाची नाडी तपासत राहतो.

मार्क ११ मध्ये डोंगर समुद्रात टाकला जाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्याआधीच्या २२व्या वचनात प्रभू येशू देवावर विश्वास ठेवायला सांगतो, आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. मार्क ९ मधला बाप तर उघड सांगतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाला तूच मदत कर. प्रभूने त्याला परत पाठवलं नाही, त्याच्या मुलाला बरं केलं. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये पेत्र तुरुंगात असताना मंडळी कळकळीने प्रार्थना करत होती. पेत्र सुटून दाराशी आला आणि रोदा नावाच्या मुलीने तसं सांगितलं, तेव्हा तेच लोक तिला म्हणाले, "तू वेडी आहेस." त्यांची अपेक्षा तोकडी पडली, तरी देवाने पेत्राला सोडवलं होतं.

इब्री ११:६ मध्ये देवाजवळ जाणाऱ्याने दोन गोष्टी मानाव्यात असं सांगितलं आहे: देव आहे, आणि त्याचा शोध करणाऱ्यांना तो प्रतिफळ देतो. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला पहिल्या गोष्टीबद्दल सहसा अडचण नसते. दुसरी कच्ची राहते. देव आहे, पण तो माझं ऐकायला राजी आहे का, हा खरा प्रश्न असतो. त्यावर उपाय म्हणजे देवाचा स्वभाव जवळून बघणं. मार्काच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत. रोज एक वाचा. ज्या ज्या अध्यायात कोणी येशूकडे मागायला आलं, तिथे तीन गोष्टी लिहा: कोण आलं, नेमकं काय मागितलं, आणि येशू त्याच्याशी कसा वागला. कुष्ठरोगी, याईर, सुरफुनीकी बाई, बार्तीमय अशी यादी होईल. त्यांपैकी कोणालाही आधी मनातली खात्री मोजून दाखवावी लागली नाही, ही गोष्ट ती यादी करताना आपोआप लक्षात येते.

मग अपेक्षा म्हणजे काय?

प्रार्थना संपल्यावर तुम्ही काय करता, त्यावरून अपेक्षा कळते. १ राजे १८ मध्ये एलीया कर्मेल डोंगरावर पावसासाठी प्रार्थना करतो आणि चाकराला समुद्राकडे बघायला पाठवतो. चाकर येऊन "काही नाही" म्हणतो. एलीया त्याला पुन्हा पाठवतो. सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसतो. मागणं आणि बघायला पाठवणं, दोन्ही मिळून एलीयाची प्रार्थना झाली. आपण पहिलं करतो आणि दुसरं विसरतो. मग उत्तर आलं तरी ते उत्तर होतं हे कळत नाही.

स्तोत्र ५:३ मध्येही तेच आहे: सकाळी विनंती मांडायची आणि वाट पाहत राहायचं. हन्नेचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १ शमुवेल १:१८ मध्ये मूल मागून ती मंदिरातून निघाली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला नाही. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, अजून पत्ताही नव्हता.

व्यवहारात ही अपेक्षा साधी असते. नोकरीसाठी मागितलं असेल तर गुणपत्रिका आणि अनुभवाचे दाखले एका फाइलीत लावून ठेवा. रुसलेल्या भावासाठी मागितलं असेल तर त्याचा फोन आला की पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवून ठेवा. पण उत्तर येणारच म्हणून आधी कर्ज काढणं, हातची नोकरी सोडणं, प्लॉटचं बयाणं देऊन टाकणं, याला अपेक्षा म्हणू नये. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देव झेलील, हा सल्ला मत्तय ४ मध्ये कोणी दिला होता ते वाचून पाहा.

मागणी किती नेमकी असावी? देवाला तर सगळं माहीतच आहे.

माहीत आहे. तरीही येशूने आंधळ्या बार्तीमयाला विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं?" (मार्क १०:५१). त्याला दिसत नाही हे तर आजूबाजूच्या सगळ्यांनाच माहीत होतं.

"सर्वांना आशीर्वाद दे, घरात सुखशांती ठेव" अशा प्रार्थनेत वाईट काही नाही. पण तिचं उत्तर मिळालं की नाही हे कसं कळणार? मोघम मागण्यामागे पुष्कळदा भीती असते: नेमकं मागितलं आणि नाही मिळालं तर? म्हणून आपण असं मागतो की निराशही होऊ नये आणि आनंदही होऊ नये.

मागणी घासूनपुसून घेण्यासाठी चार गोष्टी विचारा. कोणासाठी? नेमकं काय? कशावरून कळेल? आणि यात देवाला काय आवडेल असं वचनावरून दिसतं? उदाहरण घ्या. "प्रभू, दादाचं काम होऊ दे" याऐवजी: "प्रभू, दादाचा पीथमपूरच्या कारखान्यातला कंत्राटी काळ या महिन्याअखेर संपतो. त्याला काम मिळू दे. मुलाखतीत त्याच्या तोंडून खोटं निघू नये. काम मिळेपर्यंत घरखर्चाची सोय कर, आणि आम्हा दोघा भावांमध्ये पैशावरून कडवटपणा येऊ देऊ नको." एका मोघम वाक्यातून चार विनंत्या निघाल्या. त्यांपैकी तीन विनंत्यांची उत्तरं नोकरी लागण्याआधीच दिसू शकतात.

एक काळजी मात्र घ्या. नेमकं मागणं म्हणजे देवाला पद्धत सांगणं नव्हे. "अमुक साहेबांच्या मनात घाल, मंगळवारीच फोन येऊ दे, आणि पगार इतका असू दे" इथपर्यंत गेलं की मागणं सुटतं आणि आखणी सुरू होते. बरं होण्यासाठी आलेला कुष्ठरोगी सेनापती नामान नेमका याच ठिकाणी चिडला होता: संदेष्टा बाहेर येईल, हात फिरवील, अशी त्याने सगळी कल्पना करून ठेवली होती (२ राजे ५:११).

प्रार्थनेची वही कशी ठेवावी?

साधी शंभर पानी वही पुरते. मोबाइलवरही चालतं, पण मोबाइल उघडला की दुसरंच काही उघडतं, म्हणून आमचा कल वहीकडे आहे. वहीची जोडपानं उघडा. डाव्या पानावर मागणी, उजव्या पानावर उत्तर. डावीकडे तारीख, एका ओळीत विनंती, आधाराचं वचन आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख. उजवं पान कोरं ठेवा. नोंद साधारण अशी दिसते:

१२ जून. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २० तारखेला. भीती जावी, साखर आटोक्यात यावी, ऑपरेशन नीट व्हावं. स्तोत्र ५६:३. बघायचं: १९ आणि २१ जून.

उजवीकडे नंतर: १९ जून, साखर अजून जास्त, ऑपरेशन पुढे ढकललं. आत्या शांत, रात्री झोपली. ३ जुलै, ऑपरेशन झालं. २४ जुलै, पेपर वाचू लागली.

ही नोंद नीट बघा. ठरलेल्या तारखेला ऑपरेशन झालं नाही, पण भीती जाण्याची विनंती त्याच आठवड्यात मान्य झाली होती. वही नसती तर "तारीख हुकली" एवढंच लक्षात राहिलं असतं.

रोजच्या यादीत पाच-सात विनंत्यांपेक्षा जास्त नको. बाकीच्या वारांवर वाटून घ्या: सोमवारी नातेवाईक, मंगळवारी मंडळी आणि पाळक, बुधवारी आजारी माणसं, अशा. महिन्यातून एकदा मागची पानं चाळा. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) आपल्या विनंत्या आणि त्यांची उत्तरं वर्षानुवर्षं लिहून ठेवत. नवी विनंती मांडताना जुनी पानं समोर असली की विश्वासाला टेकायला जागा मिळते.

वही बिघडते ती दोन प्रकारांनी. एक, यादी पन्नास-साठ नावांपर्यंत वाढते आणि प्रार्थनेची हजेरी होते. दोन, उत्तर वेगळं आलं की माणूस मूळ विनंतीच खोडून उत्तराला जुळेल अशी लिहितो. तसं करू नका. "नाही" आलं तर उजव्या पानावर "नाही" लिहा.

वचन धरून प्रार्थना करा म्हणतात. कोणतंही वचन धरता येतं का?

आधी ते कोणाला आणि कधी सांगितलं ते बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर यिर्मया २९:११ फार दिसतं: देवाच्या मनात आपल्यासाठी हिताचे संकल्प आहेत. ते वचन बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत ७० वर्षांची मुदत आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांचा अंत बाबेलातच होणार होता. वचन खरं आहे. पण ते धरून "या वर्षी बढती मिळणारच" म्हणणं त्याच्यावर अन्याय करणं आहे.

याउलट काही वचनं ख्रिस्ताच्या प्रत्येक शिष्यासाठी उघडी आहेत. ज्ञान उणं असेल तर मागा (याकोब १:५). पापं कबूल केली तर क्षमा (१ योहान १:९). चिंता प्रार्थनेत मांडा, देवाची शांती राखण करील (फिलिप्पै. ४:६-७). पवित्र आत्मा मागणाऱ्यांना पिता तो देतो (लूक ११:१३). सुरुवात यांपासून करा. देवाची इच्छा या बाबतीत स्पष्ट असल्यामुळे इथे खऱ्या अर्थाने धिटाईने मागता येतं, आणि १ योहान ५:१४-१५ मधलं आश्वासनही त्याच्या इच्छेप्रमाणे मागण्याबद्दलच आहे.

पद्धत अशी: वचन हळू वाचा, त्यातलं एक क्रियापद निवडा, आणि त्याच शब्दात आपली परिस्थिती देवाला सांगा. लांबण नको.

"तुझी इच्छा असेल तर" म्हटलं की विश्वास कमी पडतो का?

गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः तसं म्हणाला (मार्क १४:३६). त्याने आधी दुःखाचा प्याला दूर कर असं स्पष्ट मागितलं आणि मग पित्याच्या इच्छेवर सोपवलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ जण मागणी मांडतच नाहीत, थेट "तुझी इच्छा" म्हणून मोकळे होतात. निराशेपासून वाचण्यासाठी ते शब्द वापरले तर त्यात समर्पण कुठे राहिलं? आधी मनातलं सगळं सांगा, मग हात मोकळे करा. दानीएल ३:१७-१८ मधले तिघे तरुण एका दमात दोन्ही म्हणतात: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही.

घरात गंभीर आजार आहे. औषधं चालू ठेवणं म्हणजे अविश्वास का?

नाही, आणि या बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देणार नाही. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, फिट्सची औषधं, मानसिक आजाराची औषधं, टीबीचा कोर्स, यांपैकी काहीही प्रार्थना झाली म्हणून बंद करू नका. साध्या टीबीचाही कोर्स सहा महिन्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि घरच्यांनाही तोच टीबी लागू शकतो.

हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं, आणि त्याच प्रसंगात यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली (२ राजे २०:५-७). अब्राहामाबद्दल रोम. ४:१९ सांगतं की त्याने आपल्या म्हाताऱ्या शरीराकडे नीट पाहिलं आणि तरीही त्याचा विश्वास ढळला नाही. म्हणजे रिपोर्ट वाचण्याने विश्वासाला धोका नसतो. रिपोर्ट वाचा, तो देवापुढे ठेवा, आणि बरं होण्यासाठी मोकळेपणाने मागा.

याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवा. बोलवायचं रोग्याने, हेही त्या वचनात आहे. मंडळीला आपोआप कळेल म्हणून थांबू नका, आणि कोणी आलं नाही म्हणून रुसूही नका.

दवाखान्यात भेटायला जाणाऱ्यांसाठी चार शब्द. इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात खाटेला खाट लागून असते. हात धुवून जा. रोग्याला आधी विचारा, "प्रार्थना करू का? काय मागू?" तो जे सांगेल तेच मागा. त्याला ऑपरेशनची नाही, घरी एकट्या राहिलेल्या मुलीची काळजी असू शकते. दोन मिनिटं, हळू आवाज, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्रास होणार नाही इतपत. "विश्वास ठेवलात तर उद्या उठाल" असं कधीही म्हणू नका. तो उद्या उठला नाही तर आजाराच्या जोडीला दोषाचं ओझंही त्याच्या उशाला ठेवून तुम्ही निघून आलेले असाल.

वर्षानुवर्षं मागूनही उत्तर नाही. पाप आडवं आलं की विश्वास कमी पडला?

असू शकतं, पण पहिला निष्कर्ष तो नको. शास्त्रात अडथळ्यांची नावं आहेत आणि ती तपासून बघता येतात. मनात धरून ठेवलेला राग आणि न केलेली क्षमा (मार्क ११:२५). नवऱ्याने बायकोला मान न देणं: १ पेत्र ३:७ मध्ये पुरुषांना स्पष्ट बजावलं आहे की त्यामुळे तुमच्या प्रार्थना अडतील. चैनीसाठी मागणं (याकोब ४:३). गरिबाच्या हाकेला कान बंद करणं (नीति. २१:१३). एका संध्याकाळी ही चार वचनं समोर घेऊन बसा, जे बोचेल ते कबूल करा, ज्याची माफी मागायची त्याला फोन करा. मग तो विषय संपवा. रोज स्वतःला उकरत राहिलं की विश्वास वाढत नाही, उलट पातळ होतो.

तपासून काहीच सापडलं नाही तर? पौलाने शरीरातला काटा काढण्याबद्दल तीनदा विनंती केली आणि उत्तर "नाही" आलं, सोबत "माझी कृपा तुला पुरे" (२ करिंथ. १२:८-९). पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? योहान ९ मध्ये जन्मांध माणूस बघून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. इब्री ११ च्या शेवटी तर अशा माणसांची रांग आहे ज्यांच्या विश्वासाची वाखाणणी झाली आणि तरी वचन दिलेलं फळ त्यांच्या हयातीत हाती आलं नाही.

मूल होत नाही, नवऱ्याचं पिणं सुटत नाही, मुलगा मंडळीत पाऊल ठेवत नाही, अशा घरांत जाऊन "तुमच्या घरात काहीतरी असेल, शोधा" म्हणणारी माणसं फार नुकसान करतात. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं, आणि शेवटी ईयोबालाच त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागली. अशा घरी जाऊन बसा, रडणाऱ्याबरोबर रडा, आणि त्यांची विनंती आपल्या वहीत लिहून घ्या. ती बहीण स्वतः मागून मागून थकली असेल, तर काही महिने तिच्या वतीने तुम्ही मागा.

किती काळ मागत राहावं? थांबायचं कधी?

लूक १८ मधल्या विधवेसारखं, खचून न जाता. नहेम्याने किसलेव महिन्यात यरुशलेमेची बातमी ऐकली आणि निसान महिन्यात राजापुढे तोंड उघडलं. मध्ये सुमारे चार महिने प्रार्थनेत गेले. थांबण्याच्या खुणा तीन: उत्तर मिळालं, पौलाला मिळाला तसा स्पष्ट नकार मिळाला, किंवा परिस्थितीचाच निकाल लागला. दावीद आजारी लेकरासाठी सात दिवस उपाशी पडून राहिला, लेकरू गेल्यावर उठला, आंघोळ केली, भजन केलं आणि जेवला (२ शमु. १२). यांपैकी काहीच नसेल तर मागत राहा. रोज जमलं नाही तर आठवड्याच्या एका वाराला ठेवा, पण यादीतून काढू नका.

रोज किती वेळ द्यावा?

सुरुवातीला पंधरा मिनिटं: तीन मिनिटं वचन, दोन मिनिटं आभार, दोन मिनिटं पापकबुली, सात मिनिटं वहीतल्या विनंत्या, शेवटचं मिनिट गप्प. पहाटे नळाला नर्मदेचं पाणी येण्याची वेळ, डबे, शाळेची बस यात सकाळ जात असेल तर रात्रीची वेळ धरा. वेळ कोणतीही असो, ती रोज तीच असावी आणि जागाही तीच. मन भरकटलं तर हळू आवाजात बोलून प्रार्थना करा. ज्या गोष्टीकडे मन पळतं तीच बहुधा खरी काळजी असते, तिलाच विनंती करून टाका.

उपास करायचा असेल तर कसा?

पहिल्या वेळी एकच जेवण सोडा आणि तो अर्धा-पाऊण तास प्रार्थनेला द्या. पाणी पीत राहा. हे जमलं की पुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. उपास सोडताना वरणभात किंवा ताकभात, तळलेलं नको. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, रिकाम्या पोटी घेता न येणारी औषधं चालू असलेले, यांनी जेवणाचा उपास करू नये. त्यांनी मोबाइल किंवा टीव्ही एक दिवस बंद ठेवावा.

आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस डोळ्यांपुढे येतो, आणि इंदुरात तर तो मोठाच मोह आहे. ख्रिस्ती उपासात काय चालतं आणि काय नाही, याची यादी नाही. पण जेवण सोडून तेवढाच वेळ खिचडी करण्यात गेला तर प्रार्थनेला काही उरलं नाही. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजू घरी पोचवा. यशया ५८:७ वाचलं की का ते कळेल. आणि उपासाने देवाचा हात पिरगाळता येत नाही, एवढं मनाशी पक्कं असू द्या.

आमच्या गृहसभेत तासभर बसतो, पण प्रार्थना दहा मिनिटंच होते.

कारण विनंत्या सांगण्यातच वेळ जातो. कोणी आजाराची सुरुवातीपासून हकिगत सांगतं, मग दुसऱ्याला आपल्या मावशीचा तसाच आजार आठवतो, मग डॉक्टरांची नावं निघतात. उपाय: दारातच कागदाच्या चिठ्ठ्या ठेवा, प्रत्येकाने विनंती एका वाक्यात लिहावी. साठ मिनिटं अशी बसवा: गीत ५, वचन १०, मागच्या आठवड्याच्या विनंत्यांचं काय झालं ते १०, प्रार्थना ३०, आभार ५. मागच्या आठवड्याची विचारपूस ही दहा मिनिटं बहुतेक सभांमध्ये नसतातच, आणि अपेक्षा तिथूनच वाढते.

प्रार्थना करताना एकाने एकच विषय घ्यावा, मिनिट-दोन मिनिटांत. त्याच विषयावर दोघा-तिघांनी लागोपाठ मागावं, मग पुढचा विषय. मध्ये शांतता पडली तर पडू द्या, कोणीतरी गाणं सुरू करण्याची घाई करू नका. प्रार्थनेतून दुसऱ्याला उपदेश करू नये. "प्रभू, काही लोक उशिरा येतात, त्यांना समज दे" ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते. आणि सभेत ऐकलेली घरगुती गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची असेल तर त्या माणसाला आधी विचारा. एकदा बोभाटा झाला की ते घर पुन्हा खरी विनंती सांगत नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या सुरुवातीला स्त्रिया आणि मुली रोज जमून प्रार्थना करू लागल्या. त्या वर्षी जूनमध्ये तिथे जी आत्मिक जागृती झाली, तिच्या मागे महिनोन् महिने चाललेलं हे रोजचं बसणं होतं.

प्रार्थना हिंदीत करावी की मराठीत?

ज्या भाषेत तुम्ही रडता त्या भाषेत. मंडळीत हिंदीतून मागावं लागत असेल तर जरूर मागा, सगळ्यांना "आमेन" म्हणता आलं पाहिजे (१ करिंथ. १४:१६). पण एकांतात हिंदी प्रार्थनेची ठरावीक वाक्यं म्हणत बसू नका. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांच्या चालीत आणली. तो सूर घरात असेल तर मुलांच्या कानावर पडू द्या. घरात दोन्ही भाषांची शास्त्रं असावीत, म्हणजे आजीला आणि नातवाला एकच वचन सोबत वाचता येईल.

मुलगा इंदुरातच भंवरकुआला राहून पीएससीची (राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतोय. निवड व्हावी असं मागणं योग्य आहे?

योग्य आहे, बेधडक मागा. त्याच्या जोडीला अभ्यासात चिकाटी, पुरेशी झोप, चांगली संगत, आणि निकाल कसाही लागला तरी त्याचा जीव देवाच्या हातात सुरक्षित राहावा, हेही मागा. "निवड झाली तर इतकं दान देईन" असा सौदा नको. उपदेशक ५:४-५ वाचा. मुलाला फोनवर रोज "आम्ही प्रार्थना करतोय हं, बघ" असं ऐकवून दडपण वाढवू नका. त्याला विचारा, आज काय मागू?

शेजारी ख्रिस्ती नाहीत, पण अडचणीत प्रार्थना करायला सांगतात.

आनंदाने करा, त्यांच्याच समोर, त्यांच्या परवानगीने, येशूच्या नावाने, त्यांना कळेल अशा साध्या शब्दांत. आश्वासन देऊ नका, अट घालू नका, बदल्यात काही मागू नका किंवा देऊ करू नका. दोन-तीन दिवसांनी जाऊन "काकू, आता कसं आहे?" एवढं जरूर विचारा.

उत्तर मिळाल्यावर साक्ष कशी द्यावी?

दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला (लूक १७). म्हणून पहिले आभार घरीच, त्याच दिवशी, वहीच्या उजव्या पानावर तारीख घालून. मंडळीत साक्ष देताना तीन मिनिटं पुरतात: काय मागितलं, किती काळ, काय झालं. आजाराची साक्ष असेल तर डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत थांबा. औषधाने गुण आला असेल तर औषधाचं नाव घ्यायला लाजू नका. आकडे फुगवू नका, "डॉक्टरांनी हात टेकले होते" असं डॉक्टर म्हणाले नसतील तर म्हणू नका. साक्षीत दुसऱ्या कोणाचं गुपित येत असेल तर त्याला आधी विचारा. आणि मंडळीत त्याच गोष्टीसाठी अजून वाट पाहणारं कोणी बसलेलं असेल तर उपासना संपल्यावर त्यांच्याजवळ जा, त्यांची विनंती पुन्हा विचारून घ्या आणि तिथेच उभ्याउभ्या त्यांच्यासाठी मागा.